गाडी आत येईल, फिरेल, जाईल

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणीतरी भेटतंच आणि विचारतंच, "बिराजदार, तुम्ही सिटी बसला कंट्रोलर होता म्हणे. म्हणजे नेमकं काय कंट्रोल करत होता?" मी खरं ते सांगतो. काहीच नाही. गाडी वेळेवर आणणं ड्रायव्हरच्या हातात, ड्रायव्हरला वेळेवर धाडणं त्याच्या बायकोच्या हातात आणि रस्ता मोकळा ठेवणं ग्रामदैवत सिद्धरामेश्वराच्या हातात. कंट्रोलरच्या हातात एक शिट्टी, आणि समोर शिव्या द्यायला जमलेली पब्लिक.

माझे वडील होटगीला रेल्वेत गँगमन होते. मी सोलापुरात सिटी बसला कंडक्टर म्हणून चिकटलो तेव्हा ते म्हणाले होते, "रुळावरची गाडी चुकत न्हाय, रस्त्यावरची चुकल्याबिगर ऱ्हात न्हाय. बघ बाबा." त्यांचं म्हणणं पुढं पदोपदी पटलं. पण रुळावरच्या नोकरीत माणसं खिडकीतून दिसतात आणि निघून जातात. माझी माणसं रोज तीच होती, आणि ती रोज भांडायची. त्यामुळं करमायचं.

आधी कंडक्टर आणि मग कंट्रोलर, अशी माझी बरीचशी नोकरी एकाच शेवटच्या थांब्यावर गेली. पूर्व भागातली विणकरांची वसाहत. घरोघरी यंत्रमाग, बायका दारात बसून विड्या वळणाऱ्या, घरात तेलुगू आणि बसमध्ये मराठी. एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी थांब्यावर येऊन मला विचारायचे, "शेवटची गाडी किती वाजता?" मी सांगायचो. ते मान हलवून घरी जायचे. गाडीत कधी चढले नाहीत. शेवटी मी न राहवून विचारलं, "आजोबा, तुम्हाला जायचंय तरी कुठं?" म्हणाले, "मला कुटं जायचंय? पन गाडी हाय म्हटलं की झोप चांगली लागती." पुढं गाडीला उशीर झाला की मला पहिल्यांदा त्यांचीच आठवण यायची.

आता शेवटचा थांबा म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. प्रवाशाला तिथं उतरायचं असतं, आम्हाला तिथून परत फिरायचं असतं. रेल्वेचं इंजिन सोडवून मागच्या बाजूला जोडता येतं. बसचं तोंड मात्र फिरवावंच लागतं, आणि त्याला जागा लागते. आमच्या वसाहतीत ती नव्हती. मग गाडी गल्लीतून उलटी, रिव्हर्सनं काढायची. त्याचा नियम असा, की कंडक्टरनं खाली उतरून गाडीच्या मागं उभं राहायचं आणि शिट्टी वाजवायची. तुटक तुटक शिट्टी म्हणजे ये, लांब शिट्टी म्हणजे थांब. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, तो फक्त ऐकतो. माझी शिट्टी पितळेची होती, खात्यानं दिलेली प्लॅस्टिकची दुसऱ्याच आठवड्यात फुटली म्हणून चाटी गल्लीतून मी स्वतः घेतलेली. तिचा आवाज यंत्रमागांच्या खडखडाटातही ऐकू जायचा.

तरी व्हायचं ते व्हायचंच. कुणाची रांगोळी, कुणाचं सुताचं बंडल, कुणाची शेळी. एकदा कुणीतरी दोरीवर वाळत घातलेली ओली चादर गाडीच्या मागच्या शिडीला अडकली आणि थेट स्टेशनापर्यंत गेली. तिचा मालक सायकलवरून मागोमाग. स्टेशनावर तो मला म्हणाला, "आता आणलीच हाय न्हवं हितंवर, तर गिऱ्हाईक तरी बघून द्या की!"

हे रोजचं रामायण शाळेच्या फाटकात उभे राहून मोरे हेडमास्तर बघायचे. शाळा थांब्याला लागूनच होती. लहानशी इमारत, पण मैदान मात्र ऐसपैस, कडेला लिंबाची झाडं. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. "अहो कंडक्टर, गाडी आत आणा, मैदानात फिरवा आणि न्या. पण माझी अट आहे. गाडी आत येईल, फिरेल, जाईल. उभी राहणार नाही. इंजिन बंद करायचं नाही. मैदान मुलांचं आहे, गाडी पाहुणी."

ना अर्ज, ना मंजुरी. आज हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. त्या संध्याकाळपासून शिपाई फाटक उघडायचा, मी आत जाऊन शिट्टी वाजवायचो आणि गाडी आत यायची.

मैदानात त्या वेळी मुलींचा खो-खो चाललेला असायचा. आमच्या सोलापूरला खो-खोचं वेड काय आहे, ते वेगळं सांगायला नको. पांढऱ्या फक्कीनं आखलेलं मैदान, दोन टोकांना दोन खांब, मधल्या ओळीत मुली बसलेल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. गाडी वळताना नेमकी एका खांबाच्या अंगावरून जायची. मग मुलींनीच एक रीत पाडली. शिट्टी वाजली, की जी जिथं असेल तिथून उठायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची. गाडी फिरून बाहेर पडली, की प्रत्येकजण आपापल्या जागी परत, तोंड पहिल्यासारखंच त्याच बाजूला. पळणारी मुलगी जिथं होती तिथंच येऊन उभी राहायची, पाठलाग करणारीही तिथंच. एक पाऊल पुढं नाही की मागं नाही. त्यात कधी कुणी लबाडी केलेली मी पाहिली नाही. माझ्या गाडीत मात्र तिकीट चुकवणारे त्याच घरांतले होते.

त्यांत नरसू म्हणून एक होती. काटकुळी, दोन वेण्या, खांबावर सूर मारण्यात पटाईत. गाडीमुळं तिचा गडी सुटला की ती माझ्यावर डाफरायची, "मामा, जरा दम धरायचा की! हातात आली होती ती!" मी म्हणायचो, "मोरे सरांना सांग." मग गप्प बसायची.

एकदा गाडी आत येऊन फिरता फिरता मैदानाच्या मधोमध बंद पडली. ड्रायव्हरनं हरप्रकारे खटपट केली. मी हेडमास्तरांकडं जाऊन म्हणालो, "सर, डेपोतून मेकॅनिक येईपर्यंत..." त्यांनी घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही. घंटा वाजवायला लावली. सगळी शाळा बाहेर आली आणि मुलामुलींनी हसत ओरडत ती गाडी ढकलून फाटकाबाहेर काढली. सगळ्यात पुढं नरसू. रस्त्यावर नेऊन सोडल्यावर हेडमास्तर मला म्हणाले, "आता येऊ द्या तुमचा मेकॅनिक सावकाश." मला राग आला होता. आज येत नाही.

कंट्रोलर झाल्यावर मी मैदानाच्या आतल्या भिंतीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'सावकाश. येथे बस वळते.' लहान मुलांनी सांभाळून राहावं, एवढाच हेतू. पण खरं सांगायचं तर त्या पाटीचा मला अभिमान वाटायचा. माझं काही सोलापुरात कायमचं लिहिलेलं असेल तर ते तेवढंच.

पुढं हेडमास्तर गेले. नरसूचं लग्न त्याच वसाहतीत झालं, तिची नरसक्का झाली, विड्या वळता वळता नातवंडं झाली. गाड्या म्हाताऱ्या झाल्या, सुटे भाग मिळेनात. मी निवृत्त झालो आणि मागोमाग आमचा रूटही निवृत्त झाला. मीही याच वसाहतीत घर केलं होतं, त्यामुळं येता-जाता बायका मलाच विचारायच्या, "मामा, गाडी कवा सुरू व्हनार?" तयार विड्यांची टोपली घेऊन कारखान्यात माल द्यायला त्यांना लांब जावं लागतं. रिक्षा परवडत नाही, आणि नरसक्काचे तर गुडघे गेलेले. एके काळी सूर मारणारे गुडघे ते. मी खात्यात हेलपाटे घालत राहिलो. जुने साहेब चहा पाजायचे आणि नव्या साहेबांकडं बोट दाखवायचे.

आणि एक दिवस खरंच बातमी आली. विजेच्या नव्या गाड्या येणार, आपल्या वसाहतीचा रूट पुन्हा सुरू होणार. गाड्या उभ्या करायला आणि चार्जिंग करायला मोठं बसस्थानक होणार. मी घरी पेढे नेले. स्थानक कुठं होणार, ते दुसऱ्या दिवशी कळलं. शाळेच्या मैदानात.

वसाहत पेटून उठली. शाळेच्या फाटकावर फलक लागले, मंडळांची भांडणं मिटली, कधी एकत्र न बसणारे पुढारी एका सतरंजीवर बसले. सगळ्यांच्या पुढं नरसक्का. तिची नात सहावीत, आजीसारखीच काटकुळी, आजीसारखीच खांबावर सूर मारणारी. त्या पोरीला गल्लीत खेळायला हातभर जागा नाही. मैदान गेलं तर तिचा खेळ संपला, एवढा साधा हिशेब होता. बसची गरज सगळ्यात जास्त जिला, तीच बसस्थानकाच्या विरोधात घोषणा देत होती. आणि मी? माझी सगळी हयात ज्या गाडीत गेली ती परत येत होती. मी सतरंजीच्या कडेला बसायचो, घोषणा दिली तर अर्धी द्यायचो. नरसक्कानं ते ओळखलं. सगळ्यांदेखत विचारलं, "मामा, तुमी नेमकं कुनाकडनं?"

"मला दोन्ही पाहिजेत," मी म्हणालो.

"दोनी मिळत असतं तर आमी हितं घसा कशाला फोडला असता?" ती म्हणाली.

मग शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. सिटी बस खात्याच्या मोठ्या मॅडम आल्या, तरुण, शांत बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर सल्लागार कंपनीचा एक लॅपटॉपवाला. त्यानं पडद्यावर नकाशे दाखवले आणि शेवटी एक फोटो. भिंत, आणि तिच्यावर पुसट झालेली अक्षरं. 'सावकाश. येथे बस वळते.' तो म्हणाला, "ही जागा पूर्वापार बसच्याच वापरात आहे. याचा पुरावा शाळेच्याच भिंतीवर आहे."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पेंटरला मी चहा पाजला होता, 'वळते' मधला 'ळ' जरा मोठा काढ म्हणून सांगितलं होतं. कुणाच्या तरी चांगुलपणानं मिळालेली गोष्ट मी भिंतीवर लिहून ठेवली आणि तीच आता त्या चांगुलपणावर उलटली. मी उठून म्हणालो, "मॅडम, वळणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं." लॅपटॉपवाला हसून म्हणाला, "काका, वापर तो वापरच." मॅडमनी मात्र माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आपण प्रत्यक्ष जागेवर बघू. नवी गाडी आत आणून बघू."

गाडी येणार होती त्या दिवशी मैदानात बसून ती अडवायची, असं बायकांनी ठरवलं. अख्खा दिवस मोडायचा तर रोज बुडणार, म्हणून सगळ्या तंबाखू-पानांची सुपं घेऊन आल्या आणि ऐन मैदानात विड्या वळायला बसल्या. मुख्याध्यापिका बाई धावत आल्या, "अहो, शाळेच्या आवारात तंबाखू! ते लोक आधी मलाच घरी बसवतील!" नरसक्कानं कपाळावर हात मारून घेतला. सगळी सुपं फाटकाबाहेर भिंतीवर ओळीनं ठेवली गेली, आणि बायका रिकाम्या हातांनी येऊन बसल्या. रिकाम्या हातांची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं गप्पा फार झाल्या. बसल्या होत्या त्या अगदी मैदानाच्या मधल्या ओळीत. बहुतेक सगळ्या त्याच शाळेतल्या, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेल्या.

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. विजेच्या गाडीला आवाज नसतो. आमची जुनी गाडी अर्ध्या मैलावरून स्वतःची वर्दी देत यायची. ही नवी, पांढरी, तकतकीत गाडी मांजरासारखी फाटकातून आत आली आणि बायका पाठमोऱ्या गप्पा मारत बसलेल्या. खिशात किल्ल्यांच्या जुडग्याला शिट्टी होतीच. मी ती काढली आणि जीव खाऊन फुंकली.

सगळ्या बायका एका झटक्यात उठल्या, पदर सावरत, गुडघे धरत, आणि भिंतीला पाठ लावून ओळीनं उभ्या राहिल्या.

गाडी अडवायला बसलेल्या बायकांनी गाडीला वाट दिली होती. त्यांना स्वतःलाही ते भिंतीला टेकल्यावरच कळलं. नरसक्का तोंडावर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसायला लागल्या. मी मान खाली घातली. गाडीच्या खिडकीतून लॅपटॉपवाल्याचा खुशीतला आवाज आला, "बघा मॅडम, लोकांची काही हरकत दिसत नाही."

गाडी झोकात फिरली. आणि मैदानाच्या मधोमध येऊन थांबली. दार उघडलं, मॅडम आणि त्यांची मंडळी उतरली, नकाशा पसरला.

भिंतीकडचं हसू हळूहळू थांबलं. बायका वाट बघत होत्या, गाडी बाहेर पडायची. गाडी काही हलेना. शेवटी नरसक्का लंगडत पुढं गेली आणि ड्रायव्हरला विचारलं, "बंद पडली व्हय?"

"नाही आजी, थांबवलीय."

"हितं गाडी थांबत न्हाय."

"साहेबांची ऑर्डर आहे, आजी."

"बंद पडली असंल तर तसं सांग की बाबा, लाजू नको," असं म्हणून ती गाडीच्या मागं गेली आणि दोन्ही तळहात गाडीला लावले. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. एकीनंही घोषणा दिली नाही. जुन्या शाळासोबतिणी खांद्याला खांदा लावून ती भलीमोठी गाडी ढकलू लागल्या. गाडी तसूभर हलणार नव्हती, ते त्यांनाही ठाऊक असणार.

मॅडम नकाशा सोडून माझ्याजवळ आल्या. "काका, हे काय चाललंय?"

मी त्यांना मोरे हेडमास्तरांची अट सांगितली. मधोमध बंद पडलेल्या गाडीची गोष्ट सांगितली. मॅडम वळल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी बाहेर घ्या." मी शिट्टी वाजवली, गाडी फाटकाबाहेर गेली. आणि बायका मैदानात येऊन आपापल्या जागी बसल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. मॅडम बराच वेळ त्या ओळीकडं बघत उभ्या होत्या.

मॅडमनी बसस्थानक गावाबाहेरच्या एका पडीक जागेत नेलं. मैदान वाचलं. वसाहतीत गुलाल उधळला गेला, पुढाऱ्यांनी आपापले हार घालून घेतले आणि सतरंज्या वेगवेगळ्या केल्या.

मला वाटलं होतं, आता निदान पूर्वीसारखी गाडी आत येऊन फिरून तरी जाईल. मी मॅडमना भेटून तसं विचारलं. त्यांनी मनापासून सांगितलं, "काका, मुलं असताना शाळेच्या आवारात मोठी गाडी नेता येत नाही. तुमच्या हेडमास्तरांच्या भरवशावर चालायचं ते आता मी कुणाच्या भरवशावर चालवू?" त्या चुकीचं बोलत नव्हत्या. नव्या गाडीला गल्लीत वळायला जागा नाही, त्यामुळं ती मोठ्या नाक्यापर्यंतच येते आणि तिथूनच परत जाते. शाळेचं जुनं रुंद फाटक काढून लहान बसवलं. भिंत रंगवली, माझी पाटी रंगाखाली गेली. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

शिट्टी मी शाळेच्या खेळाच्या बाईंना देऊन टाकली. घरी तिचं काय काम? नरसक्काला एकदा विचारलं, "नाक्यापर्यंत टोपली घेऊन चालतेस, गुडघे दुखत असतील. पश्चात्ताप होत नाही?"

"दुखत्यात की. लई दुखत्यात," ती म्हणाली. "पन गाडी आज न्हाय तर उंद्या यील. मैदान गेल्यावर कुटनं येतंय?"

परवा संध्याकाळी मी नाक्यावरून घरी येत होतो. पुढं नरसक्का चालली होती, रिकामी टोपली कमरेवर घेऊन, एकेक पाऊल जपून टाकत. शाळेजवळ आली आणि भिंतीपलीकडं शिट्टी वाजली. माझीच पितळी शिट्टी. नरसक्का चटकन कडेला झाली आणि भिंतीला पाठ लावून, टोपली पोटाशी धरून उभी राहिली.

मी मागून पोचलो. "अगं, गाडी नाही ती. आत खेळ सुरू झालाय."

"ठावं हाय की मला," ती म्हणाली. पण हलली नाही.

आतून पोरींचा गलका येत होता. तिच्या नातीचा आवाज तिनं ओळखला असावा, कारण ती मान तिरकी करून ऐकत होती. मग माझ्या लक्षात आलं, की मीही भिंतीला पाठ लावूनच उभा आहे. एक गाडी आत येऊन, फिरून, बाहेर पडायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. मग ती पुढं निघाली आणि तिच्यामागून मी.